अर्थिंग

सॅम्युअल भांबळांनी गिटार विकली तेव्हा
किंमत माझ्यावर सोडली, अटी मात्र सांगितल्या.
उन्हात स्कूटरला बांधून ठेवायची नाही.
वरातीत वाजवायची नाही.
तिसरी त्यांना आठवेना.
चहा संपेस्तोवर कपाळ चोळत बसले,
मग म्हणाले, असू दे,
तू मोडशीलच ती पण.

दोन मी त्याच उन्हाळ्यात मोडल्या.

तेव्हा ती पिवळी होती, हळदीची.
शाहूपुरीत एका गॅरेजवाल्यानं
टेंपोचा उरलेला काळा मारून दिला.
जिथं माझं कोपर घासतं
तिथं अजून खालची हळद दिसते.

गडहिंग्लजला, शेवटच्या फर्माइशीत,
तारांच्या तोंडाशी असते ती पट्टी,
नट म्हणतात तिला,
खारीसारखी फुटली.
पार्सल आठवड्यानं येणार
आणि शनिवारी इचलकरंजी.
म्हणून रविवारच्या मटणातली एक नळी
मी धुऊन गच्चीवर वाळत घातली.
मालन म्हणाली, माणसं कुत्र्याला ठेवतात,
तुम्ही गिटारला.

उद्यमनगरात यासीन मुजावर
पंपाचे व्हॉल्व्ह करतो.
त्यानं हाड उजेडात धरलं, व्हर्निअर लावला,
टॉलरन्स किती, विचारलं.
मी म्हटलं, कानाला कळणार नाही इतका.
म्हणजे शून्य, तो म्हणाला,
तुमच्या लोकांचे कान लई वाईट.
सहा खाचा. प्रत्येक वेगळी.
जाड तारेची खाच घासताना त्यानं श्वास धरला होता,
मी पाहिलं.
पैसे नको म्हणाला, वाजवून दाखव.
अँप नव्हता. शेजारी लेथ चालू, पलीकडं हातोडा.
त्याला काही ऐकू गेलं नसणार.
तरी त्यानं मान डोलावली
आणि बोटानं हाड चाचपून बघितलं
थरथरतंय का.

शनिवार. मैदानात बाराशे खुर्च्या,
निम्म्या रिकाम्या, निम्म्यांवर पोरं झोपलेली.
माझी चार पेडलं
पंगतीच्या जुन्या पाटावर स्क्रूनं बसवलेली,
पाटाला अजून रांगोळीचा डाग.
अँप चालू केला आणि तो घोंगावायला लागला,
मधमाश्यांचं पोळं डवचल्यासारखा.
मंडपाचा वायरमन पांडबा आला,
जमिनीत सळई ठोकली,
तांब्याभर मिठाचं पाणी ओतलं.
घोंगावणं चालूच.
मी वैतागून तारांवर तळवा ठेवला.
थांबलं.
उचलला. चालू.
ठेवला. थांबलं.
पांडबा हसला.
जमीन घेत नाही म्हणाला,
तुम्हीच धरून ठेवा.

म्हणून रात्रभर, गाण्यागाण्यांच्या मध्ये,
गायिका निवेदकाशी लाडीक भांडत असताना,
कुणाचा तरी सत्कार, कुणाची तरी शाल,
मी नुसता तारांवर हात ठेवून उभा.
लोकांना वाटलं असेल, याला काम नाही.

गायिकेला ठसका लागला एकदा.
पाणी येईतो
माझ्या आठ मात्रांच्या चोवीस झाल्या.
त्याबद्दल इथं काही लिहीत नाही.

भांबळांचा फोन आला गेल्या चैत्रात,
अकरा वर्षांनी.
आठवली, म्हणाले.
वाजवून झालं की तारा सैल करायच्या रात्री.
मान वाकते नाहीतर तिची.
मी हो म्हटलं.
त्यांना खोकला होता, फोन लवकर ठेवला.

सैल करत नाही मी.
उद्या पुन्हा कुठंतरी स्टेज असतं,
आणि खरं सांगायचं तर
ताणलेली ती माझ्या ओळखीची आहे.

रात्री दोनला शिरोलीचा पूल.
टेंपोत स्पीकर, ढोलकीवाला, गुंडाळलेला कापडी पडदा,
सगळे एकमेकांवर रेलून झोपलेले.
खड्डा आला की पेटीतल्या पेटीत
सहाही तारा एकदम हुंकारतात,
कुठल्याच गाण्यातला नाही असा सूर,
त्यात थोडं बकऱ्याचं हाड.
मी झोपेतच
पेटीवर हात ठेवतो.